दोन ताऱ्यांचं कुरण

हेलिकॉप्टर गेल्यावर गेबहार्ट घरी आला, बूट काढले आणि हात न धुताच फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला. मी सेवेरिनला पाजत होते. माझा नवरा डोंगरातल्या बचाव पथकात आहे. वरून कुणाला खाली आणलं की तो आधी कितीतरी वेळ नळाखाली हात धरून उभा राहतो. त्या दिवशी तो नळाकडे गेलाच नाही, म्हणून मी मान वळवून पाहिलं.

"काय करतोयस?"

"तारे बदलतोय."

"कसले तारे?"

"आपल्या डब्याचे, बुर्गी."

त्या दिवशी पथकानं जिचं प्रेत खाली आणलं, ती बाई कुठून पडली, हे मला तेव्हा कळलं.

आमची ओळखच मुळात डब्यांमुळे झाली. जिओकॅशिंगचं वेड दोघांनाही होतं. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे आणि वाटेचं वर्णन साइटवर टाकायचं, आणि अनोळखी माणसांनी फोन हातात धरून तो शोधायचा, आतल्या चिठोऱ्यावर नाव लिहायचं, परत होता तसा ठेवायचा. बस, एवढाच खेळ. प्रत्येक डब्यापुढे वाटेचे तारे असतात. एक तारा म्हणजे बाबागाडी जाते, पाच म्हणजे दोर लागतो. ते तारे डबा ठेवणाऱ्यानंच द्यायचे असतात, स्वतःच्या अंदाजानं.

गेबहार्टनं आमचा डबा ग्रामेलकोफेल डोंगराच्या कुशीत ठेवला होता. तिथं आमची गवत साठवायची झोपडी होती. हिमकडा कोसळून ती कधीच मोडली, पण पायाचे दगड आहेत, त्या दगडांच्या बेचक्यात. झाडं संपतात, मग गुडघ्याएवढी पाइनची झुडपं संपतात, मग घसरडी खडी, आणि खडीच्या वर हिरवागार पट्टा थेट कातळाला जाऊन भिडतो. ते आमचं कुरण. गेबहार्टच्या आजोबांनी कापलं, वडिलांनी कापलं, आता तो कापतो. गवताचे भारे लोखंडी तारेवरून खाली सोडायचे, कारण पाठीवर घेऊन उतरता येत नाही. गायी तिथं जात नाहीत. आमच्याकडे गवत उगवतं त्या जागेला कुरण म्हणतात. ती आडवी आहे की उभी, हे कुणी विचारत नाही. त्यानं साइटवर लिहिलं होतं, 'खडीतून जरा चढ, शेवटी आमच्या कुरणातून वर. बसायला छान जागा.' आणि दोन तारे. मीही ते वाचलं होतं आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. मी याच दरीतली.

आता त्यानं दोनाचे साडेचार केले. 'कुरण' खोडून 'अतिशय उभा, निसरडा उतार' असं लिहिलं.

"बरं केलंस," मी म्हणाले. "आणखी कुणी जायला नको."

तो उठून नळाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपर्ट आला. रुपर्ट म्हणजे आमच्या गावचा पोलीस आणि गेबहार्टचा शाळेतला जोडीदार. टोपी टेबलावर टाकून त्यानं सासूबाईंकडे कॉफी मागितली.

"डबा तुझाच ना रे?"

"माझाच."

"काय लिहिलंयस वाटेबद्दल? वरचे साहेब विचारतील मला."

गेबहार्टनं फोन त्याच्यापुढे सरकवला. "वाच की. साडेचार तारे."

रुपर्टनं शीळ घातली. "साडेचार! आणि बाई साध्या बुटांत? हे सपाटीवाले पण ना! समुद्राकाठून उठतात, सरळ कड्यावर येतात. किनाऱ्यावरच्या बांधापेक्षा उंच काही बघितलेलं नसतं आयुष्यात." त्यानं काहीतरी लिहून घेतलं. "तिचा फोनही गेला घळीत कुठेतरी. जाऊ दे. मामला सरळ आहे."

तो कॉफी संपवून गेला. मी गेबहार्टकडे बघत राहिले.

"कधीपासून साडेचार, हे त्यानं विचारलं नाही," गेबहार्ट म्हणाला. "मी खोटं काय बोललो?"

"मला का विचारतोस?"

"बघतेयस कशी माझ्याकडे, म्हणून."

सासूबाई कणीक मळत होत्या. शिळ्या पावाची, आमच्याकडे गोळे करतात तिची. त्यांनी वर न बघता म्हटलं, "बाई गेली बिचारी. तारे मोजून ती परत येणार आहे का? आणि हा पथकातून निघाला, कोर्टात गेला, तर तुझं हे पोर काय खाणार, बुर्गी?"

मी सेवेरिनला उचलून दुकानात गेले. नुसतं घराबाहेर पडायचं होतं. तिथं बेकरीच्या फळीपाशी तोच विषय.

"साडेचार ताऱ्यांच्या जागी गेली म्हणे."

"तान्हं पोर खाली नवऱ्याकडे टाकून! हिला आई म्हणायचं?"

"डब्यासाठी! प्लास्टिकच्या डब्यासाठी!"

दुकानदारीणबाईंनी सेवेरिनच्या गालाला बोट लावलं. "तू नाही ना गं जात आता तसल्या जागी?"

पाव घ्यायचा विसरून मी घरी आले.

तो माणूस आला तेव्हा दुपार होती आणि सगळे घरात होते. दार मीच उघडलं. उंच, पांढरट भुवयांचा, अंगावर झोळी बांधलेली आणि झोळीत एक मुलगी. दहाएक महिन्यांची असेल.

"मी हाऊके. वीब्केचा नवरा," तो म्हणाला. "डबा तुमचा होता असं कळलं. मी भांडायला आलो नाही. मला फक्त विचारायचंय."

"या, आत या," गेबहार्ट मागून म्हणाला. डोंगरात आम्ही परक्यालाही अरे-तुरेच करतो, मंत्री आला तरी. त्या दिवशी गेबहार्टच्या तोंडून 'या' आलं, 'बसा' आलं.

मुलगी रडायला लागली. भुकेचं रडणं होतं ते, आणि ते ऐकताच मला पान्हा फुटला. सेवेरिन पाळण्यात झोपलेला, आणि माझा सदरा दोन्हीकडे भिजत चाललेला. मी शाल ओढून घेतली. हाऊकेच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं नजर खिडकीकडे वळवली.

"बाटली घेत नाही ती," तो म्हणाला. "वीब्के अजून पाजायची."

सासूबाईंनी काही न विचारता दूध गॅसवर ठेवलं, रवा भुरभुरला, साखर घातली. मुलीला मांडीवर घेऊन चमच्यावर फुंकर मारत भरवायला लागल्या. "काय नाव गं बाई तुझं?"

"इम्के," हाऊके म्हणाला.

"खा, इम्के. बघ, जिभेनं ढकलायचं नाही. शहाणी ती." इम्केनं पहिला चमचा थुंकला, दुसरा गिळला. हाऊकेचे खांदे जरा खाली आले. मग तो बोलायला लागला, आणि थांबेचना.

"आम्ही खालच्या हॉटेलात होतो. सकाळी पाऊस पडून गेला होता. इम्के झोपली. वीब्के म्हणाली, एक सोपा डबा आहे वर, दोनच तारे, शेवटी नुसतं कुरण आहे. ही उठायच्या आत येते. मी म्हटलं, नक्की सोपा? तर हसली. म्हणाली, कुरण आहे रे बाबा, गायी चरत असतील." त्यानं तळहातानं टेबल पुसल्यासारखं केलं. "पोलिसांनी मला पान दाखवलं. साडेचार तारे. उभा, निसरडा उतार. कुरण हा शब्दच नाही तिथं."

चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता.

"सात वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. माझ्या माहितीत तरी. आता मी रात्रभर एकेक गोष्ट आठवत बसतो. आणखी काय काय खोटं होतं म्हणून. तिची आई तर म्हणते, मुलगी मेली त्याचं रडू येतंय, पण पोरीला टाकून असल्या जागी गेली, याची लाज वाटते. प्रेत बघायला यायलासुद्धा तयार नाहीत त्या." त्यानं गेबहार्टकडे पाहिलं. "तुम्ही तिला खाली आणलंत ना?"

"हो."

"मग मला एवढंच सांगा. तिथं गेल्यावर दिसतं का, की हे धोक्याचं आहे? तिला दिसलं असेल का? दिसूनही गेली का ती?"

मला वाटलं, आता गेबहार्ट सांगेल. माझा नवरा वाईट माणूस नाही. हिवाळ्यात हिमकड्याखालून लोक उकरून काढलेत त्यानं, नखं तुटेपर्यंत.

"दिसतं," तो म्हणाला.

हाऊकेनं मान हलवली. मग म्हणाला, "बरं. निदान कळलं," आणि इम्केला घ्यायला हात पुढे केले.

सासूबाई पटकन म्हणाल्या, "वाटी तर संपू दे तिची," आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की गप्प राहा हे सांगायला शब्द लागले नाहीत. इम्केच्या हनुवटीवर रवा लागला होता. तिनं तो हातानं पसरवला आणि हसली. वरचे दोन दात नुकतेच आले होते. उद्या ही मोठी होईल, आणि कुणीतरी तिला सांगेल की तुझ्या आईला तुझ्यापेक्षा प्लास्टिकचा डबा प्यारा होता. म्हणजे आजीच सांगेल, दुसरं कुणी नाही.

"दोनच तारे होते," मी म्हणाले.

"बुर्गी," गेबहार्ट म्हणाला.

"दोन तारे होते, आणि कुरणच लिहिलं होतं. तुमची बायको खरं बोलली. ह्यांनी नंतर बदललं, तिला खाली आणल्यावर, इथं याच बाकावर बसून. मी समोर होते."

हाऊके आधी मला म्हणाला, "परत सांगा." मी परत सांगितलं. तो ओरडेल, टेबल उलथवेल असं मला वाटलं होतं. सासूबाईंनी इम्केला छातीशी धरलं. पण त्यानं खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"हे तिच्या आईला सांगा. माझं त्या ऐकणार नाहीत. मी रडून बोलतोय म्हणतील."

पलीकडे एक म्हातारा, कोरडा आवाज आला. "बोल, हाऊके."

"मी हाऊके नाही," मी म्हणाले. "मी इथली, गावातली. डबा माझ्या नवऱ्याचा." आणि मी सगळं सांगितलं. 

सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. कुरण म्हणजे तिथं किती उतार आहे?"

किती अंश ते मला माहीत नाही. मी आपलं जे करतो ते सांगितलं. "गवत कापताना आम्ही बुटाला लोखंडी काटे बांधतो. पाऊस पडून गेला असेल तर जातच नाही."

"आणि त्याला तुम्ही कुरण म्हणता."

"हो."

"आमच्याकडे कुरणात पाणी साचतं," त्या म्हणाल्या. "इतकं सपाट असतं. वीब्के चालायला शिकली तेव्हापासून तिनं तेच बघितलंय." मग त्यांचा आवाज फुटला, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असल्यासारखं त्या मला म्हणाल्या, "मी काय काय बोलले गं तिला. ती गेल्यावर." मी फोन हाऊकेला दिला. तो घेऊन तो अंगणात गेला.

स्वयंपाकघरात आम्ही तिघं उरलो. सासूबाईंनी इम्केचं तोंड पुसलं, वाटी धुतली, पुसली, आणि ती पुन्हा धुवायला घेतली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अजूनही फारसं पाहत नाहीत.

गेबहार्ट बाहेर गेला, मागोमाग मी, इम्केला कडेवर घेऊन. हाऊके फोन बंद करून उभा होता, तोंड डोंगराकडे. ऊन पडलं होतं. खडीच्या वर आमचा हिरवा पट्टा दिसत होता, गवत उंच झालं होतं आणि वाऱ्यावर एका बाजूला लोळत होतं.

"ते का?" त्यानं विचारलं.

"हो," गेबहार्ट म्हणाला.

"इथून तर कुरणच दिसतं."

गेबहार्ट काहीतरी बोलायला गेला. ओल्या गवताचं, बुटांचं, वाऱ्याचं काहीतरी. "आम्हाला इथं माहीत असतं की—"

"तुम्हाला," हाऊके म्हणाला.

त्यानं माझ्या कडेवरून इम्केला घेतलं आणि झोळीत बसवलं. पट्टा अडकत नव्हता. मी लावून दिला. मला तो धन्यवाद म्हणाला नाही, आणि तेच बरं झालं. फाटकाशी थांबून म्हणाला, "तुमच्या त्या पोलिसाला हे आज कळू दे. मी उद्या वीब्केला घेऊन जातोय. कागदावर तसंच राहायला नको."

तो वळणापलीकडे गेला तरी गेबहार्ट तिथंच उभा.

"सांगितलंस," तो म्हणाला. "आता?"

"रुपर्टला फोन कर."

"तू कर. तुला फार बोलता येतं."

"मी नाही करणार. तुझं तू सांगायचं."

घरात सेवेरिन जागा झाला होता. मी आत गेले, त्याला घेतलं, खिडकीशी बसले. उघड्या खिडकीतून गेबहार्ट अगदी जवळ दिसत होता, फोन कानाला लावलेला. रुपर्टचं हसणं आतपर्यंत ऐकू आलं. मग, "अरे, फाइल पाठवलीसुद्धा मी. सोड ना, कोण बघतंय?" असं काहीतरी. गेबहार्ट खिडकीकडे वळला. त्याला वाटलं असावं की मी मान हलवीन, झालं, एवढं पुरे म्हणून.

मी हलवली नाही.

"नाही रे," तो फोनमध्ये म्हणाला. "ऐक. मी सांगतो ते लिहून घे." आणि पाठ फिरवून, खांदे पाडून, अंगणाच्या टोकाशी चालत गेला. तिथून पुढचं मला ऐकू आलं नाही. सेवेरिन माझा अंगठा घट्ट धरून पीत होता, आणि तिकडे माझं घर हळूहळू एका बाजूला कलत चाललं होतं.