ताई शाळेत होती

धाकट्या बहिणीच्या लेखाला बक्षीस लागल्याचा फोन मोहोपाड्याला आला, तेव्हा अक्षदा भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी करपली. बहिणीचं कौतुक ऐकून कुणाची भाकरी करपते? अक्षदाची करपली, खोटं कशाला बोला.

लेख विहिरीचा होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी, कशेळ्याजवळच्या त्यांच्या गावात, आई मळ्यातल्या विहिरीत पडता पडता वाचली, त्याची आठवण. लेखात आईचा पाय घसरतो आणि पाच वर्षांची रुचिता तिची वेणी दोन्ही हातांनी धरून ठेवते, शेतातली माणसं धावत येईपर्यंत सोडत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी यावं असं रुचितानं ते लिहिलं होतं.

खरं काय ते तिघींनाच ठाऊक. पायबिय काही घसरला नव्हता. नवऱ्याच्या माराला विटून त्यांची आई अंबाबाई दोन्ही पोरींसकट जीव द्यायला निघाली होती. आधी ती शाळेत गेली, घरी पाहुणे आलेत असं बाईंना सांगून तिनं नऊ वर्षांच्या अक्षदाला वर्गातून उठवून आणलं. रुचिता आईच्या कडेवर झोपली होती, तिला त्यातलं काडीइतकं आठवत नाही. काठावर आईच्या हाताला हिसडा देऊन तिची वेणी धरली ती अक्षदानं, आणि गळा फाटेस्तोवर ओरडली तीही अक्षदाच. पुढे कित्येक वर्षं ती रात्री अंथरुणात आईची वेणी चाचपून बघायची, मग झोपायची.

लिहायच्या आधी रुचितानं दोघींना विचारलं होतं, तेवढी ती शहाणी. बाप जाऊन वर्षं झाली होती, पण आई म्हणाली, "लिव्ह गं, पर पाय घसरला असं लिव्ह. मला अजून गावात ऱ्हायाचं हाय." अक्षदा म्हणाली, "माझं नाव नको. सासरी यातलं काही माहीत नाही, पुढंमागं टोमणे मारतील." रुचितानं दोघींचा शब्द पाळला. अक्षदाच्या वाट्याला सगळ्या लेखात एकच वाक्य आलं. ताई शाळेत होती.

ते वाक्य तिला असं झोंबलं की विचारू नका. लहानपणी नवा फ्रॉक धाकटीचा, कॉलेज धाकटीचं, आईच्या ताटातला शेवटचा घास धाकटीचा. ते सगळं अक्षदानं सोसलं, थोरलीनं सोसायचंच असतं. पण ती वेणी? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आपणच दार लावून घ्यायचं आणि मला बाहेर ठेवलं म्हणून रडायचं, हे तिलाही कळत होतं. कळून पोटातलं दुखणं थांबत नाही.

कार्यक्रम कर्जतला, वाचनालयात होता. सासूबाईंना असल्या समारंभांची भारी हौस, त्या आपणहून बरोबर आल्या. विहीणबाई आल्या म्हणताना अंबाबाई पुढच्या खुर्चीवरून उठली, त्यांना बसवलं आणि स्वतः भिंतीकडेला जाऊन बसली. रुचितानं लेख वाचला. वेणीचा भाग आला तसा तिचा आवाज कापरा झाला. अक्षदाला वाटलं, उठावं आणि विचारावं, बाई गं, तुला कशाला कापरं भरतंय? टाळ्या थांबेनात. शाल, नारळ, फोटो. अनोळखी बायका रुचिताला पोटाशी धरत होत्या. मला कधी कुणी असं धरलं नाही, अक्षदाच्या मनात आलं, आणि तिला रडू यायला लागलं ते रागानं.

चहाच्या वेळी सासूबाई अंबाबाईला म्हणाल्या, "धाकटी भलतीच धीराची हो तुमची. आमची अक्षदा पाल बघून पलंगावर चढते."

मग मात्र अक्षदाला राहवलं नाही. "मी होते तिथं," ती म्हणाली. "आईला मीच धरलं होतं. ही कडेवर होती."

रुचिताचा हसरा चेहरा उतरला. तिनं मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्या जुन्या बाई, त्यांना सुईच्या नेढ्यातूनही दिसतं. "लेखात तर तू शाळेत होतीस. भर शाळेच्या वेळी विहिरीवर कशी पोचलीस गं?"

आईनं नेलं. दोनच शब्द होते, आणि ते खरे होते. ते बोलले की वेणी कायमची अक्षदाची झाली असती, आणि पुढचं सासूबाईंनी आपसूक ओळखलं असतं. तिनं आईकडे पाहिलं. अंबाबाई लेकीकडे बघत नव्हती. बशीत ओतलेला चहा तिनं तोंडाशी नेला होता, पण पीत नव्हती.

"पळून आले होते शाळेतून," अक्षदा म्हणाली. "गणिताचा तास होता. म्हणून तर हिला म्हटलं, माझं नाव घालू नको. तुमच्यापुढं अब्रू गेली असती."

सासूबाई खो खो हसल्या. "म्हणजे शाळाचोर सून पदरात पडली म्हणा आमच्या. आता साऱ्या कॉलनीत सांगते."

"सांगा," अक्षदा म्हणाली. धाकटीच्या खांद्यावरची शाल अजून तिच्या डोळ्यांत सलत होती.

अंबाबाईनं बशी खाली ठेवली. उठून ती थोरलीच्या शेजारी येऊन बसली आणि पदरानं तोंड पुसून विहिणीला म्हणाली, "खरं हाय, विहीणबाई. लय पळपुटी व्हती. त्या दिवशी पळून आली, म्हणून मी हाय."