तीस अंडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पेट्रोल जनरेटर आहे आणि आज माझ्या अंगात आनंद मावत नाही! कधी एकदा तुम्हाला सगळे सांगतो असे मला झाले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथून मी थेट एका झेरॉक्सच्या दुकानात आलो. लाइट गेली की सगळी गल्ली अंधारात बुडायची, पण आमच्या दुकानात मशीन चालू! रांगेतली माणसे म्हणायची, "हा आहे म्हणून आपलं काम झालं." माझी छाती फुगायची. मग दुकानात इन्व्हर्टर आला, मूक आणि गुळगुळीत. मला जिन्याखाली झाडू आणि बादल्यांच्या शेजारी ढकलले. तिथे किती वर्षे गेली, मोजली नाहीत. शेवटी दुकान बंद झाले तेव्हा तिथे मशीन चालवणाऱ्या काकांनी मला भंगारात जाऊ दिले नाही. ते मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आले.

काकांच्या घरी काकू कोंबड्या पाळतात. त्यांच्याकडे अंडी उबवण्याची एक विजेवरची पेटी आहे. मागच्या खेपेला, मी इथे येण्याआधी, भर दिवसा सहा तास लाइट गेली आणि चोवीसच्या चोवीस अंडी वाया गेली. काकू दोन दिवस धड जेवल्या नाहीत. या खेपेला त्यांनी तीस अंडी ठेवली तेव्हाच सांगून टाकले, "यांचंही तसंच झालं ना, तर मी पेटी विकून टाकीन. मला पुन्हा ते बघवणार नाही."

आणि नेमके एकविसाव्या दिवशी, पिल्ले बाहेर पडायच्या दिवशी, तारा बदलण्यासाठी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वीज बंद!

मी मात्र खुशीत होतो. आठवड्यापूर्वीच काकूंनी फाटकाला लाल रंग दिला होता. उरलेला डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "याला पण जरा नवं करू," म्हणाल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत मला रंगवून काढले. एकही कोपरा सोडला नाही. इतक्या वर्षांत माझे एवढे लाड कोणी केले नव्हते.

दहा वाजता काकांनी मला मागच्या अंगणात ठेवले, टाकी भरली, खिडकीतून वायर आत घेतली आणि दोरी ओढली. मी पहिल्याच झटक्यात गरजलो! काकू आतून ओरडल्या, "दिवा लागला हो पेटीचा!"

पंधरा मिनिटे झाली आणि मला धाप लागली. आवाज वरखाली होऊ लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बंद पडलो. का ते मला स्वतःलाच कळेना.

काकूंनी धावत जाऊन पेटीवर रजई टाकली. काका हत्यारे घेऊन बसले. काकांची एक शिस्त आहे. मला जरा निवू द्यायचे, मग आधी टाकीचे झाकण उघडून पेट्रोल बघायचे आणि मगच पुढचे काम. पेट्रोल भरपूर होते. मग त्यांनी प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, बसवला, दोरी ओढली. मी सुरू!

"प्लगच होता. मी म्हटलंच होतं," काका म्हणाले. तसे ते काही म्हणाले नव्हते.

पंधरा मिनिटांनी मी पुन्हा ढेपाळलो. काकांनी पेट्रोल बघितले, एअर फिल्टर धुऊन पिळून वाळवला. मी सुरू! "फिल्टर होता बघ." पुन्हा पंधरा मिनिटे, पुन्हा तेच. मग पेट्रोल बघून झाल्यावर कार्बोरेटर खोलून त्यातली बारीक भोके तारेने साफ झाली. मी पुन्हा सुरू, आणि पुन्हा बंद! काकांच्या तोंडचे पाणी पळाले.

"आता कॉइलच असणार. गरम झाली की दगा देते. मी दुकानातून घेऊन आलोच," असे म्हणून ते सायकलवरून सुसाट निघाले.

काकू एकट्या उरल्या. पेटीतला पारा उतरत होता आणि एका अंड्याला तर सकाळीच तडा गेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "अरे, आजचा दिवस तरी चाल की रे!" त्या मला म्हणाल्या. मित्रांनो, मला बोलता येत असते तर!

मी निवल्यावर काकांनी केले होते तसे आधी पेट्रोल बघावे, म्हणून त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. सुस्स! घट्ट बरणी उघडावी तसा आवाज झाला. काकू थबकल्या. त्यांनी झाकण लावले आणि दुसरे काहीही न करता दोरी ओढली. मी सुरू!

"अगं बाई! मी तर काहीच दुरुस्त केलं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग यांनी तरी सकाळपासून काय केलं?"

पंधरा मिनिटांनी मी थांबलो. पुन्हा झाकण, पुन्हा सुस्स, पुन्हा सुरू! आता मात्र काकूंनी मला बंद केले, झाकण काढून उजेडात धरले आणि कपाळाला हात लावला. झाकणाला टाचणीएवढे भोक असते. त्यातून टाकीत हवा शिरते म्हणून पेट्रोल खाली उतरते. ते भोक लाल रंगाने बुजले होते, म्हणून झाकण उघडले की तेवढ्यापुरतीच हवा आत जायची! काकूंनीच बुजवले होते, तेही किती मायेने! त्यांनी शिवणाची सुई आणली, रंग टोकरला, झाकणात फुंकर मारून पाहिली. मी सुरू झालो तो काय सांगू! मोकळा श्वास!

काका नवी कॉइल घेऊन फाटकात आले आणि माझा आवाज ऐकून तिथेच उभे राहिले.

"कोणी दुरुस्त केला?"

"मीच बिघडवला होता हो," काकू म्हणाल्या आणि सगळे सांगितले. काका आधी कॉइलकडे, मग झाकणाकडे बघत राहिले आणि एवढे हसले की सायकल आडवी पडली.

मित्रांनो, पुढचे सांगण्याआधी एक विनवणी करतो. घरातल्या जुन्या यंत्राला जरूर रंगवा, पुसा, त्याचे लाड करा. पण त्याला श्वास कुठून घ्यायचा असतो तेही बघून ठेवा. आणि ते अडले तर रागावून कोपऱ्यात टाकू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. ते आपल्या परीने सांगतच असते.

मी सहा वाजेपर्यंत एकदाही थांबलो नाही. खिडकीआड काय चालले आहे ते मात्र मला कळत नव्हते. माझ्या गडगडाटात कोणालाच काही ऐकू येणे शक्य नव्हते. सहाला लाइट आली आणि काकांनी माझे बटण बंद केले. अंगण एकदम शांत झाले. आणि त्या शांततेत खिडकीतून आवाज आला. चिव. मग चिव चिव. मग चिवचिवाट!

काकू धावत बाहेर आल्या, माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हसत, रडत म्हणाल्या, "ऐकलंस का रे?"

ऐकले, काकू!