रिकाम्या बाटलीत उरलेले विष

मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे, मित्रांनो. खांद्यावर ओरखडे आहेत आणि डोक्यावरचे झाकण दुसऱ्याच कुणाचे आहे. आता मी कपाटात मागच्या रांगेत पडून असते. पण माझा जन्म काही सरबतासाठी झाला नव्हता. उजेडाने आतला नमुना बिघडू नये म्हणून भट्टीतच मला हा रंग दिला गेला, आणि मी थेट कीटकनाशके तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आले.

तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञांना सगळे बाई म्हणत. बाई मोठ्या काटेकोर. टेबलावर पाण्याचा थेंब दिसला तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे. मला मात्र त्या फार जपत, आणि काम करताना गाणे गुणगुणत.

एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेच्या विहिरीपलीकडे फवारणीची औषधे बनवणारा कारखाना होता आणि मुले वरचेवर आजारी पडत होती. बाईंनी स्वतः जाऊन माझ्यात त्या विहिरीचे पाणी भरून आणले. तपासणीत विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कारखान्याचे मॅनेजर चौकशीसाठी नेमलेल्या समितीपुढे म्हणाले, "तुमची पद्धत तुमच्यापाशी. दुसरीकडे एवढं निघतं का बघा." समितीलाही ते पटले, कारण हे विष मोजण्याची सर्वमान्य पद्धत अजून ठरलेलीच नव्हती. मग बाईंनी आपली पद्धत पायरी-पायरीने लिहून काढली. त्याच विहिरीचे पाणी माझ्या बहिणींमध्ये भरून त्या कागदासोबत इतर प्रयोगशाळांकडे पाठवले. सगळ्यांचे आकडे जुळले, तर पद्धत मान्य होणार होती आणि विहीर बंद होणार होती.

आकडे जुळले नाहीत. इतरांकडे विष मर्यादेच्या आतच निघाले. बाईंचे तोंड उतरले. त्यांनी तराजू तपासला, यंत्र तपासले, पुन्हा पाणी आणून सगळे पहिल्यापासून केले, उत्तर तेच. तिकडे हुकमाशिवाय दुसऱ्या पाण्याची सोय होईना, आणि मुले त्याच विहिरीचे पाणी पीत राहिली.

मला कारण ठाऊक होते, कारण ते माझ्याच अंगाला चिकटलेले होते. हे विष पाण्यात रमत नाही, काचेला धरून बसते. पाणी ओतून टाकले तरी ते माझ्यापाशी उरते. पण बाटलीला तोंड असले तरी बोलता कुठे येते?

शेवटी दुसऱ्या प्रयोगशाळेतले एक वयस्क तज्ज्ञ आले. म्हणाले, "बाई, मी नुसता बघत बसतो. तुम्ही नेहमीसारखं काम करा."

बाईंनी माझ्यातले पाणी खाली तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात ओतले. मग विष विरघळवणारे थोडे द्रावक माझ्यात घातले, मला गोल फिरवले आणि तेही नरसाळ्यातच ओतले.

"थांबा, हे काय केलंत?"

"काय केलं? बाटली विसळून घेतली."

"तुमच्या कागदात हे कुठे आहे?"

"अहो, हे काय लिहायचं? दुधाचं पातेलं आपण विसळून घेतोच की..." बोलता बोलता बाई थांबल्या.

"आमच्याकडे पाणी ओतलं की बाटली सरळ धुवायला जाते," ते हळूच म्हणाले.

बाई मला हातात धरून तशाच स्टुलावर बसल्या. मग उठून त्यांनी कागदात ती एक ओळ घातली. इतरांनी तशी तपासणी केली आणि आकडे जुळले. पद्धत मान्य झाली, विहीर बंद झाली.

मुख्याध्यापिका आभार मानायला आल्या. बाईंनी मुलांची चौकशी केली.

"बाकीची बरी आहेत. पहिलीतल्या एकीचे हात अजून थरथरतात. पेन्सिल धरता येत नाही. डॉक्टर म्हणतात, आता असंच राहील."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "एकच ओळ होती हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्यांना माहीतच असतं."

त्यानंतर बाई निवृत्त होईपर्यंत मी रोज त्यांच्या हातात होते, पण त्यांना पूर्वीसारखे गुणगुणताना कधी ऐकले नाही.

मित्रांनो, आज ती ओळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर आहे. नवी माणसे ती वाचतात, हसतात, "हे काय सांगायला हवं?" म्हणतात आणि तरीही बाटली विसळतात. त्यांनी हसावे, माझी काही हरकत नाही. तुम्हीसुद्धा जे सहज येते ते दुसऱ्याला सांगायचे सोडू नका. आणि मला रिकामी म्हणण्याआधी एकदा विसळून बघा.