सुताराची करवत, चाच्यांची पाटी

मित्रांनो, काचेच्या पेटीत लाल मखमलीवर आडवी पडलेली ही जुनी करवत म्हणजे मी. माझे दात मोजू नका, म्हातारीचे दात मोजू नयेत. वय विचाराल तर तीनेकशे वर्षं सांगेन. कुणी पाचशे म्हटलं तर त्यालाही मी नाही म्हणणार नाही, कारण थोडं तिखटमीठ लावलं नाही तर ऐकणारा जांभई देतो.

माझ्याखाली पितळी पाटी आहे. तिच्यावर कोरलंय, ‘चाच्यांच्या कसायाची करवत’. शेजारी मेणाचा एक पुतळा उभा आहे. एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट आणि उजव्या हातात माझी खोटी जुळी बहीण. बंदरावरच्या या संग्रहालयात मोठमोठ्या सरदारांच्या तलवारी आहेत, पण त्यांच्यासमोर माशा असतात आणि माझ्यासमोर माणसं. ही सगळी कीर्ती मला एका माणसाच्या जिवावर मिळाली. त्याची गोष्ट ऐका. तिखटमीठ लागलं की मी तसं सांगेन. शेवटी शेवटी ते उरणार नाही.

मला एका लोहाराने घडवलं. माझं पातं इतकं लवचिक होतं की वाकवून सोडलं की मी गात असे, आणि शेजारच्या गावातली कुत्री सूर धरत. बरं, शेजारच्या गल्लीतली. मला विकत घेणारा सुतार डावखुरा होता. बाजारातल्या तयार मुठी त्याच्या तळहाताला चावत. म्हणून त्याने एका मोडक्या वल्ह्याच्या लाकडातून डाव्या हाताला बसेल अशी मूठ स्वतः कोरली आणि मला बसवली. त्या दिवसापासून मी दुसऱ्या कुणाच्या हाती नीट चालले नाही.

तो मालवाहू जहाजावर कामाला होता. डोलकाठी तडकली, फळी कुजली, तळातून पाणी आत आलं की आधी त्याला हाक जायची. काम चोख होतं. घरी मात्र उलटा कारभार होता. घराचं दार बिजागरीतून सुटून खाली घासायचं आणि दर वेळी उचलून लावावं लागायचं. निघायच्या दिवशी त्याची बायको म्हणाली, “अहो, जगाची जहाजं जोडता, आणि घरचं दार मला खांदा लावून उचलावं लागतं.”

“पुढच्या खेपेला आलो की बघतो.”

“पुढची म्हणजे कुठली? मागल्या वेळी सांगितलीत तीच ना?”

तो हसला. दार उचलून लावून घेतलं आणि निघाला.

परतीच्या वाटेवर आम्हाला चाचे भेटले. तुम्हाला वाटेल, तोफा धडाडल्या आणि तलवारी खणखणल्या. मीही पूर्वी तसंच सांगायची. खरं म्हणजे त्यांनी काळं निशाण वर चढवलं आणि आमच्या कप्तानाने शिडं उतरवली. काळ्या निशाणाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. निमूट शरण आलात तर जीव वाचेल. चढून आलेले चाचे पुतळ्यासारखे नव्हते. हडकुळे होते, अंगावर फोड, तोंडात माझ्याहून कमी दात. आणि त्यांनी लुटलं काय? दोरखंड, शिडाचं कापड, मेणबत्त्या, औषधांची पेटी आणि कांद्यांची पोती. सोन्याचा पत्ता नव्हता. माणसांपैकी फक्त सुताराला नेलं, माझ्यासकट हत्यारांची पेटी घेऊन, कारण त्यांचा सुतार तापाने गेला होता आणि सुताराशिवाय लाकडी जहाज म्हणजे बुडायला निघालेला ओंडका.

अशा वेळी समुद्रावर एक रीत होती. पकडून नेलेला माणूस जाताना ओरडून साक्ष ठेवायचा. म्हणजे पुढे कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर तो राजीखुशीने गेला नव्हता असं सांगणारं कुणीतरी असायचं. सुतारही ओरडला, “कप्तानसाहेब, मला ओढून नेतायत, हे लक्षात ठेवा. माझ्या घरी सांगा.” कप्तानाने मान हलवली.

खोटं कशाला बोलू, चाच्यांच्या जहाजावर काही गोष्टी मलाही आवडल्या. आमच्या जुन्या जहाजावर कप्तान दोराने फोडून काढायचा आणि सरकार त्याला शिस्त म्हणायचं. इथे कप्तानाला सगळ्यांनी मत देऊन निवडलेलं, आणि तो त्यांच्याच पंगतीला जेवायचा. लुटीचे वाटे सगळ्यांसमोर पडायचे. ज्याचा हातपाय जाईल त्याला जास्त मिळायचं. म्हणून तर लोक आजही चाच्यांवर भाळतात. दिवसभर साहेबाचं ऐकून घेणारा एक कारकून जेवणाच्या सुट्टीत रोज माझ्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला लूट नको असते. कुणाचंच ऐकावं न लागणारा एक माणूस त्याला तेवढा बघायचा असतो. ज्यांना लुटलं त्यांची आठवण त्याला येत नाही. त्यांचा पुतळा कुणी केलेला नाही.

लुटीची वाटणी करणाऱ्याला सगळे वाटप्या म्हणत. तो दर वेळी डोलकाठीपाशी सुताराचाही वाटा ठेवायचा आणि सुतार त्याच्याकडे पाठ करून बसायचा. वाटप्या चिडवायचा, “घे की, सुतारा. चावत नाही ते.” सुतार माझ्या दातांना कानस लावत बसायचा. वाट्याला हात लावला की माणूस चाचा ठरतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याला घरी जायचं होतं, आणि घराची वाट त्या ढिगाला हात न लावण्यातून जात होती.

त्या जहाजावर वैद्य नव्हता. वैद्य नसला की सुताराला बोलवायचे, कारण करवत त्याच्याकडे असायची. शिडांना ठिगळं लावणारा एक म्हातारा होता, त्याला ठिगळ्या म्हणत. सुटलेल्या तोफेखाली त्याचा पाय चिरडला. सुतार म्हणाला, “मी फळ्या कापतो, माणसं नाही.” पण पाय सडायला लागला होता. शेवटी त्याने मला उकळत्या पाण्यात बुडवलं, ठिगळ्याच्या दातांत चामड्याचा पट्टा दिला आणि डोळे न मिटता काम केलं. नंतर कठड्याला धरून कितीतरी वेळ ओकत राहिला. मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी कापलेला हा एकच पाय. पाटीवरचा कसाई तो हा.

ठिगळ्या जगला. सुताराने त्याला लाकडी पाय करून दिला. तो पाय इतका बेतशीर होता की ठिगळ्या आधीपेक्षा बरा नाचायचा. हे जरा वाढवून सांगितलं, पण उभा राहायचा हे खरं. दोघं कामाला शेजारी बसत, आणि सुतार घरचं बोलायचा. घासणारं दार ठिगळ्याला पाठ झालं होतं. एकदा एक श्रीमंत जहाज लुटलं, तेव्हा बाकीचे दारूच्या पिंपांकडे धावले आणि ठिगळ्या लंगडत त्या जहाजाच्या कप्तानाच्या खोलीकडे गेला. तिथल्या दाराच्या बिजागऱ्या उचकटून त्याने आणल्या. पितळेच्या, माशाच्या आकाराच्या, तेल न घालताही गुळगुळीत फिरणाऱ्या.

“वाटा नाही हा,” तो म्हणाला. “पायाबद्दल माझ्याकडून. वहिनींना सांग, एका लंगड्या दिराने दिल्यात.”

सुताराने त्या उलटसुलट करून पाहिल्या. सोन्याकडे त्याने पाठ फिरवली होती, पण तो सुतार होता. चांगल्या बिजागरीकडे पाठ कशी फिरवणार? आणि ही तर एका माणसाने दुसऱ्याला दिलेली भेट होती, डोलकाठीपाशी ठेवलेला वाटा नव्हता. त्याने त्या फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत माझ्याशेजारी ठेवल्या. मला त्यांची चमक आवडली होती.

थोड्याच दिवसांनी सरकारी जहाजांनी आम्हाला गाठलं. चाच्यांचा कप्तान धुक्याचा फायदा घेऊन छोट्या होडीतून निसटला. ठिगळ्या बुडाला. त्याचा लाकडी पाय मात्र कितीतरी वेळ तरंगत होता, आणि यात तिखटमीठ नाही. बाकीच्यांना बेड्या पडल्या.

कोर्टात आमचा जुना कप्तान खरोखर आला. त्याने शपथेवर सांगितलं, “याला ओढून नेलं. हा ओरडत होता, मी ऐकलं.” सुताराचा चेहरा उजळला. न्यायाधीशाने विचारलं, लुटीतलं काही घेतलंस का? सुतार ठामपणे नाही म्हणाला. त्याच्या मते ते खरंच होतं.

शिपायाने पेटी उपडी केली. रंधा पडला, पटाशी पडली, मी पडले, आणि फडकं सुटून पितळेचे मासे जमिनीवर घरंगळले. लुटलेल्या जहाजाचा मालक तिथेच बसला होता. तो उठून म्हणाला, “या बिजागऱ्या माझ्या जहाजावरच्या आहेत.”

न्यायाधीशाने सुताराला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “वाटा नव्हता साहेब. भेट होती. घरचं दार खाली घासतं.”

कोर्टात हशा पिकला. लिहून घेणारा कारकूनही हसला. दुपारपर्यंत शिक्षा झाली आणि आठवडाभरात बंदरावर सगळ्यांबरोबर सुतारालाही फाशी दिलं. त्याच्या बायकोला कुणी कळवलं का आणि तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. इथे मला काहीही जोडता आलं असतं. जोडत नाही.

त्यानंतर माफी निघाली. शरण येईल त्या चाच्याचे गुन्हे सरकारने पोटात घातले. निसटलेला कप्तान शरण आला आणि त्याच बंदरावर खाणावळ काढून बसला. मी लिलावात आले, तेव्हा त्याने मला विकत घेतलं आणि चुलीवरच्या भिंतीला टांगलं. गिऱ्हाइकं विचारायची, चाच्यांत सगळ्यांत भयंकर कोण होता? स्वतःचं नाव घ्यावं तर मिळालेली माफी धोक्यात यायची. म्हणून त्याने मेलेल्याचं घेतलं. रोज रात्री सुतार एक पाय जास्त कापू लागला. आधी पाय, मग हात, मग मुंडकी. ऐकणारे डोळे विस्फारायचे आणि आणखी एक पेला मागवायचे. खाणावळ पडली, तेव्हा संग्रहालयाने मला त्या गोष्टीसकट उचललं. पट्टी आणि पोपट नंतर कुणीतरी जोडले.

मध्यंतरी जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या एका बाईंनी मला साफ केलं. मला धरून पाहताना त्या थबकल्या. उजव्या हातात मूठ बसेना. डाव्या हातात घेतली तर अंगठा थेट खाचेत गेला. दातांच्या मुळाशी त्यांना डांबर आणि लाकडाचा भुसा सापडला. त्या व्यवस्थापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ही कसायाची नाही. सुताराची आहे, तोही डावखुरा.”

“असेल ना, बाई. पण सुतार बघायला तिकीट कोण काढतं? माझ्या घरी महिना झाला, सुतार यायचाय. आम्ही सगळे त्याला बघायला आतुर आहोत, तोच येत नाही.”

माणूस वाईट नव्हता. छप्पर गळत होतं आणि ते तिकिटांवर दुरुस्त व्हायचं होतं. बाई फारच हट्ट धरून बसल्यावर व्यवस्थापकांनी नवी पाटी लावू दिली, ‘एका डावखुऱ्या सुताराची करवत’. पहिल्यांदा माझ्याखाली खरं लिहिलं गेलं. वडील मुलांना वाचून दाखवायचे आणि मुलं म्हणायची, “चला ना, नुसती करवत आहे.” जेवणाच्या सुट्टीत येणारा कारकूनही येईनासा झाला. पावसाळ्याआधी जुनी पाटी परत आली आणि बाईंची बदली भांड्यांच्या दालनात झाली. जाण्याआधी त्यांनी माझी मूठ डावीकडे करून मला ठेवलं. दुसऱ्या दिवशी काच पुसणाऱ्याला ते वाकडं वाटलं. त्याने मला सरळ केलं.

मित्रांनो, मी तुम्हाला चाच्यांचा खेळ खेळू नका असं सांगत नाही. डोळ्यावर पट्टी बांधा, पलंगाचं जहाज करा. मला तेल नको, मखमलही नको. माणसं वस्तू जपतात आणि ज्याच्या हातची वस्तू त्याला विसरतात, एवढंच दुःख आहे. तेव्हा या काचेला नाक लावाल तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी विचारा, तो माणूस शेवटी घरी पोचला का? नाही पोचला. उत्तर आत्ताच सांगून ठेवते, कारण तुम्ही विचाराल तेव्हा ही गोष्ट संपलेली असेल, मी नुसती काचेमागे असेन, आणि तिथे मला दात आहेत, जीभ नाही.