एका कळपाचा आवाज

चांदसाबांच्या फळीवर त्या दिवशी एकवीस घाट्या होत्या. सोळा पूर्ण, चार बिनलोलकाच्या, एक तडकलेली. शिवाय तीन कानशी, एक लाकडी हातोडी आणि आदल्या दिवशीच्या चहाचा कप. नवी पेठेमागच्या बोळातल्या या खोलीत ते दार लोटून बसत. गिऱ्हाइकाशीही खिडकीतूनच बोलत. मी भौतिकशास्त्र शिकलेली, घाट्यांचे आवाज मोजायला जायचे, म्हणून मला आत स्टूल मिळालं होतं.

घाटी म्हणजे मेंढरांच्या पुढे चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यातली पितळी घंटा. मागची मेंढरं तिच्या आवाजावर चालतात. म्हणून चांदसाबांचा नियम होता: एका कळपाला एक आवाज, तो दुसऱ्याला द्यायचा नाही. घाटीचा काठ आतून घासून घासून ते तो आणत.

त्यांचा मुलगा ताबीश याने फोनवर त्यांचा व्हिडिओ काढला. दुरुस्तीला आलेली बिरप्पा धनगराची घाटी हाताशी होती, तीच वाजवली. आठवड्यात लाखो लोकांनी ते पाहिलं. दाराला टांगायला सगळ्यांना घाटी हवी झाली, आणि तोच आवाज हवा झाला.

"दुसरा देतो की," चांदसाब म्हणाले. "त्यो बिरप्पाचा हाय."

"बिरप्पानं आवाजाचं खरेदीखत केलंय का, अब्बा?"

"जबान दिलीय."

"चाळीस वर्षं जबान सांभाळली. शेजारच्या गल्लीत तरी कोण ओळखतं? पोस्टमन मला विचारतो, ते घंटेवाले हयात आहेत का म्हणून."

चांदसाबांनी ती घाटी फडक्यात गुंडाळली. घाटी बिरप्पाला परत गेली.

मग सात रस्त्याजवळच्या एका सभागृहात त्यांचा सत्कार झाला. ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. नाव पुकारलं तरी उठेनात. ताबीशने दंडाला धरून नेलं. फेटा बांधून होईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. परतताना रिक्षात त्यांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणला त्यो माइकवर?"

"नादशिल्पी."

"परत म्हण की, बेटी."

मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी घाटी घेतली आणि बिरप्पाच्या आवाजावर घासायला लागले.

दिवाळीनंतर बिरप्पा खिडकीशी येऊन उभा राहिला. नातेपुत्याकडून कळप घेऊन तो दरवर्षी इकडे उतरायचा.

"चांदभाई, माजा आवाज इकला व्हय?"

कानस थांबली.

"हायवेला नवं हाटेल झालंय. कमानीला तुमच्या घाट्या टांगल्यात. सांजचं वारं सुटलं आन् त्या वाजल्या. एडका फुडं, मागली मेंढरं वळली तिकडं. मधी ट्रक."

"किती?"

"अकरा. दोन गाभण हुत्या. हाटेलवाल्याला म्हणलं, काढ त्या. तर म्हणतो, मोठ्या कलाकाराची वस्तू हाय, तुला काय कळतंय?"

चांदसाब उठले. त्यांनी दार उघडलं आणि बिरप्पाला आत बसवलं. त्याच्याकडची घाटी मागून घेतली आणि उलटी करून गुडघ्यांत धरली.

"घासू नगा," बिरप्पा म्हणाला. "मेंढरं ह्याच आवाजात जल्मली."

"मग कुणाकुणाच्या दारात जाऊ देणार त्येंना? दारं लई झाली आता."

ते बराच वेळ घासत राहिले. मी मोजलं तेव्हा आवाज आठशे ऐंशी हर्ट्झवरून आठशे दहावर आला होता. चांदसाबांनी आकडा विचारला नाही.

सकाळी आम्ही शहराबाहेर कळप बसला होता त्या रानात गेलो. बिरप्पाने घाटी एडक्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला बाभळीच्या दाट झुडपांआड नेलं, म्हणजे मेंढरांना तो दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. चांदसाब बांधावर उभे होते. पलीकडून घाटी वाजू लागली आणि दूर जात राहिली.

एकशे सहा मेंढरांपैकी चार तिच्यामागे गेली.