बांधावरचा विळा

मयूरला शेतावर नेताना गोटीराम गुरुजींनी स्कूटर मुद्दाम लांबच्या रस्त्याने घेतली. जवळचा रस्ता पंचवटीतल्या त्या नाक्यावरून जायचा, आणि मयूरची वाट बघणारी पोरं अजून तिथे बसत होती. त्यांच्याच नादाने त्याने एका भांडणात चाकू चालवला होता. समोरचा मुलगा वाचला, मयूर सुधारगृहात गेला. आता सुटून आला होता तो मिसरूड फुटलेला, मान खाली घालून बोलणारा.

अशा पोरांना हाताशी धरायचं काम गुरुजींनी निवृत्तीनंतर स्वतःहून घेतलं होतं. शाळेतही ज्याला अक्षर उशिरा वळे, त्याच्यावर त्यांचा जीव जास्त. पण हे पोर कामावाचून घरी बसलं तर नाका त्याला गिळणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मखमलाबादला लंकाबाईंचा कोबी काढणीला आला होता. त्यांचा मुलगा रोहित गुरुजींच्या हाताखालून गेलेला. त्या ओळखीवर लंकाबाई एका दिवसापुरत्या तयार झाल्या, पुढचं संध्याकाळी बघू म्हणाल्या. अट एकच. पोराने क्रेट वाहायचे, विळ्याला हात लावायचा नाही.

मयूर मुकाट्याने क्रेट वाहत राहिला. रोहितचं कापण्यात कमी आणि त्याच्याकडे लक्ष जास्त. पाणी प्यायला सगळे थांबले तेव्हा त्याने खोचून विचारलंच, "काय रे, आत जेवायला काय द्यायचे?"

"वरण-भात," मयूर म्हणाला. "इथे सकाळपासून नुसतं पाणीच चाललंय."

कापणाऱ्या बायका हसल्या. लंकाबाईंनी हसू पदराआड दाबलं. रोहितला मात्र ते झोंबलं.

दुपारी पंचाईत झाली. त्या बायका गावातल्या एका दहाव्याला निघून गेल्या, टेम्पो बांधाशी येऊन उभा राहिला, आणि निम्मा वाफा अजून उभाच. मयूरला कापू द्या, असं गुरुजींनी सुचवलं. लंकाबाईंनी नुसती मान हलवली. रोहित कंबर सरळ करून उभा राहिला.

"गुरुजी, तुम्ही शिकवलंय म्हणून सकाळपासून गप्प हाय. पण माझी आई पाठ करून वाकलेली, अन् मागे ह्याच्या हातात धारेचा विळा? नाय जमायचं."

आयुष्यभर ज्यांनी पोरांवर आवाज चढवला नाही, त्या गुरुजींचा तोल त्या क्षणी गेला. बांधावरचा विळा उचलून त्यांनी सगळ्यांदेखत मयूरपुढे धरला.

"धर."

मयूरने तो घेतला.

रोहितने हातातला गड्डा खाली टाकला आणि तो आईच्या पुढे येऊन उभा राहिला. टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून बघू लागला. विश्वास दाखवायच्या भरात आपण पोराला चव्हाट्यावर उभं केलं, हे गुरुजींना आत्ता कळलं. त्याचा हात नुसता हलला असता, तरी बघणाऱ्यांना एकच गोष्ट दिसली असती.

मुठीवरची मयूरची बोटं पांढरी पडली होती. मग तो सावकाश वाकला. पातं स्वतःकडे करून त्याने विळा जमिनीवर ठेवला आणि मागे सरला.

"गुरुजी, विळा हातोहात देत नाहीत," तो हळू म्हणाला. "भांडण होतं. खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा."

लहानपणी आईने गुरुजींनाही हेच सांगितलं होतं.

"कुणी शिकवलं रं?" लंकाबाईंनी विचारलं.

"आईने. भाजी चिरताना."

लंकाबाई रोहितला बाजूला सारून पुढे आल्या. विळा उचलून त्यांनी तो दुसऱ्या सरीच्या तोंडाशी, मयूरच्या पायाजवळ ठेवला.

"उचल. बाहेरची दोन पानं गड्ड्याला राहू दे, नायतर गाडीत मार लागतो."

गुरुजी बांधावर बसले. मयूरचा पहिला गड्डा वेडावाकडा कापला गेला. पुढचे नीट येऊ लागले.

टेम्पो भरत आला तेव्हा रोहितचा विळा पलीकडच्या सरीत राहिला होता, आणि क्रेट बांधायची सुतळी तोडायला त्याच्याजवळ काही नव्हतं. त्याने न बघताच हात पुढे केला. मयूरने हातात काही दिलं नाही, विळा दोघांच्या मध्ये मातीवर ठेवला. रोहित क्षणभर तसाच उभा राहिला. मग वाकून त्याने तो उचलला, सुतळी तोडली, आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"उद्या येताना टोपी आण," लंकाबाई मयूरला म्हणाल्या. "ऊन लय लागतं."