गुळणी आणि फोटो

सणसरच्या शेवंताचा फोटो स्थळाला पाठवायचा होता, म्हणून द्वारकाआत्या तिला बारामतीच्या स्टुडिओत घेऊन आली. दर्शनी काचेत लग्नं ठरलेल्या मुलींचे फोटो मांडले होते. सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक, मनगटावर स्टुडिओतलं तेच बंद घड्याळ, आणि चेहरे असे की घरात कुणीतरी गेलंय. ते बघून शेवंताला जे हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना.

"हलू नका, हसू नका," काळ्या कापडात डोकं घालून फोटोग्राफर रमाकांत म्हणाले. ती हसली. कॅमेऱ्यातली फोटोची एक प्लेट वाया गेली, मग दुसरी गेली.

"पान्याची गुळणी धर तोंडात," आत्या वैतागून म्हणाली. "मग बघू कशी हसतीस ती."

शेवंतानं गाल फुगवले. आत्या तिचा पदर सारखा करायला वाकली. तेवढ्यात रमाकांत कापडातून बाहेर आले आणि त्यांची टोपी आतच राहिली. ते बघून शेवंता फसकन हसली आणि पाण्याचा फवारा थेट आत्याच्या तोंडावर उडाला. रमाकांत दचकले आणि त्यांच्या हातातला फोटो टिपायचा रबरी फुगा दाबला गेला.

शेवटची प्लेट तीच होती, म्हणून पोट धरून हसणाऱ्या शेवंताचाच फोटो स्थळाकडं गेला. आठ दिवसांत होकार आला. रमाकांतांनी तो फोटो काचेत लावला, तशा पार इंदापूरच्या पोरी येऊन "आमचा असाच काढा" म्हणू लागल्या.

दिवाळीत शेवंता नवऱ्याला घेऊन स्टुडिओत गेली. कॅमेऱ्याशेजारी पाण्यानं भरलेला तांब्या होता. खुर्चीवर एक पोरगी गाल फुगवून बसली होती, बाजूला तिची आई.

"आई, तुम्ही जरा पुढं उभ्या राहा," रमाकांत गंभीरपणे सांगत होते. "टॉवेल खुंटीला आहे."